वहिनीला न पटणारं चित्र

माझी वहिनी आवडाबाई हिने कशालाही पटकन चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. पूर्णगडहून मासळीची पाटी घेऊन ती पावसच्या बाजारात बसायची, तेव्हा गिऱ्हाईक मालाला नावं ठेवायच्या आधी तीच सांगून टाकायची, "ही कालची हाय. तळायची असली तर घे, कालवणाला नको." बायकोने धंद्याचं वाटोळं केलं, असं माझा दादा हसत हसत म्हणायचा. पण गिऱ्हाईक तिच्याकडेच यायचं. माझ्या लग्नात सासूच्या देखत ती म्हणाली होती, "शालूचा रंग पोरीला मारतोय." मी कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नव्हते. फोटो हातात आले तेव्हा कळलं, खरोखरच मारत होता.

तर अशी ही बाई. आणि हिलाच एक खोटं इतकं पटलं की ते तिच्या हातून सुटेना.

दादा म्हणजे गुणाजी डोर्लेकर. मच्छीमारीत जन्म गेला, शेवटी शेवटी स्वतःची लहानशी होडी होती. गेल्या नारळी पौर्णिमेनंतर मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या पट्ट्यावर लाटेने ती होडी उलटली. होडीत दोघेच होते, दादा आणि शेजारचा समर्थ. समर्थ पोहून काठाला लागला. होडी पलीकडे गावखडीच्या किनाऱ्यावर सापडली. दादा सापडला नाही.

आमच्या वाडीत एक रीत आहे. दर्यात गेलेल्या माणसाच्या दारात उभं राहून 'बुडाला' असं म्हणायचं नाही. जो वाचून आला असेल त्याने एवढंच म्हणायचं, 'मागून येतायत.' ऐकणारीला जे समजायचं ते समजतं, ती तिथेच खाली बसते. मग बाकीच्या बायका येतात. समर्थ ओल्या कपड्यांनी वहिनीच्या दारात आला आणि म्हणाला, "काकी, काका मागून येतायत." रीत तिथे संपली होती. पण तो पोरगा वहिनीच्या तोंडाकडे बघून घाबरला आणि त्याने पुढे जोडलं, "गावखडीच्या अंगाला पवत व्हते." पोहत होते, म्हणजे जिवंत.

वहिनी खाली बसली नाही. चप्पल घालून गावखडीला गेली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि मग रोजच. मासळी विकून झाली की पूल ओलांडायचा, तिकडच्या घरांत विचारायचं, किनाऱ्याने हिंडायचं आणि परत यायचं. पोलिसांनी शोध थांबवला, होडीवाल्यांनी थांबवला, हिचा चालूच.

देह मिळाला नाही तर आमच्यात दर्भाचा पुतळा करतात, त्यालाच अग्नी देतात आणि मग पुढचे दिवस घालतात. त्याशिवाय माणूस सुटत नाही असं मानतात. मीही मानते. रत्नागिरीत दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, कॉम्प्युटर चालवते, पण मानते. माझा दादा ना घरात ना स्वर्गात असा मध्येच लोंबकळतोय, हे मला सहन होत नव्हतं. वाडीतली जाणती माणसं वहिनीला समजवायला आली, मुंबईहून भावकीचे फोन आले, मी तर तिच्याशी कडाकडा भांडले. तिचं उत्तर एकच, "पवत व्हते म्हणून सांगितलंन समर्थने. पवणाऱ्या माणसाला आग लावू?"

पुढे वाडीतल्या मंडळाने 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लावला, दादाचा लग्नातला फोटो ताणताणून मोठा केलेला. वहिनीने तो भर दुपारी खाली उतरवला, चेहऱ्याची बाजू आत घेतली आणि पडवीतल्या लाकडांवर झाकण म्हणून घातला. वर मंडळाच्या पोरांना ऐकवलं, "नाक चुकलाय." फोटोतलं नाक कसं चुकेल? पण तिच्यापुढे बोलणार कोण.

तो फ्लेक्स जिथे छापला, त्याच दुकानात माझा भाचा सोहम काम करतो. वहिनीचा एकुलता एक मुलगा. आठवडाभर भाट्याला माझ्याकडे राहतो, शनिवारी मोटरसायकलवरून आईकडे जातो. दुकानात दिवसभर पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि मेलेल्यांचे फोटो चिकटवायचे, आणि घरी आल्यावर लॅपटॉपवर चित्रं काढायची, गेमसाठी लागतात तसली. छोटी छोटी माणसं, झाडं, घरं, होड्या. एकेका माणसाच्या चालण्याची, वळण्याची, बसण्याची वेगवेगळी चित्रं, एकामागून एक पळवली की माणूस हलायला लागतो. काढून झालं की एका वेबसाइटवर टाकायचं. तिथून जगातल्या कुणीही ते उचलावं आणि आपल्या गेममध्ये घालावं, फुकट.

"फुकट का म्हणून?" मी विचारलं होतं. "आपण काय धर्मशाळा काढली आहे?"

"आते, तिथं लोक मत देतात. काय चुकलं ते सांगतात. त्याच्यावरच शिकतो माणूस."

मी बघितली ती मतं. कुणी लिहिलेलं असायचं 'छान', कुणी 'मस्त', कुणी नुसता अंगठा. छान म्हणायला कुणाच्या खिशातलं काय जातं! क्वचित कुणी मनापासून लिहायचा, की होडीची सावली चुकीच्या बाजूला पडली आहे, पाण्याचा रंग सपाट आहे. तसं काही आलं की सोहम जेवण सोडून दुरुस्तीला बसायचा.

दादा गेल्यावर त्याने बरेच दिवस लॅपटॉप उघडला नाही. मग एक कोळी काढायला घेतला. पाग टाकणारा, म्हणजे काठावरून हाताने गोल फेकतात ते जाळं टाकणारा. मला वाटलं, असेल कुणीतरी. शनिवारी तो आईकडे घेऊन गेला, मीही होते बरोबर. वहिनीने ओट्यावर बसून मान वाकडी करून बघितलं आणि पहिल्याच दमात म्हणाली, "तुझा बापूस हाय ना ह्यो? मग उजवा खांदा खाली घे. पाग टाकून टाकून उतरला व्हता त्यांचा."

दादा गेल्यापासून घरात त्याच्याबद्दल असं सरळ काही बोललं गेलं नव्हतं. बोलणं सगळं शोधाचं. सोहमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तिथेच बसून खांदा खाली घेतला.

मग दर शनिवारचं तेच सुरू झालं. डोक्याला पंचा बांधतात तो असा नाही, गाठ मागे नको, कानावर हवी. सदऱ्याची वरची बटणं उघडी. उभे राहताना भार डाव्या पायावर. पाग टाकायच्या आधी दोरी दातात धरायचे, ती दाखव. टाकल्यावर लगेच हलायचे नाहीत, पाण्याकडे बघत थांबायचे, ते थांबणं कुठे आहे यात? सोहम सगळं करत गेला. आणि खरं सांगते, त्या बोटभर चित्रात माझा दादा यायला लागला. एकदा मी दवाखान्यात असताना त्याने मला मोबाइलवर नवीन केलेलं पाठवलं. चौकटीतला माणूस पाग टाकून पाण्याकडे बघत थांबला, आणि मला काउंटर सोडून आत जाऊन रडावं लागलं. बाहेर पेशंट दाढ धरून बसलेले.

वहिनीचं मात्र एकच, "अजून ते नाय."

मधेच सोहमने ते अर्धवट चित्र वेबसाइटवर मतं मागायला दाखवलं. कुठल्या तरी देशातल्या एका शहाण्याने लिहिलं, बाकी उत्तम आहे, पण एक खांदा खाली गेलाय तेवढा सरळ करा. सोहमने आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याला इचार, बाबा, तू कवा पाग टाकलास?" आम्ही तिघंही हसलो. त्या वर्षात त्या घरात हसलो ते तेवढंच असेल.

थंडी सरता सरता वहिनीच्या सूचना उलट्या फिरायला लागल्या. आधी पंचाची गाठ कानावर हवी होती, आता म्हणे मागेच बरी होती. थांबणं जास्त झालं. मग कमी झालं. शेवटी एका शनिवारी म्हणाली, "खांदा एवढा खाली नव्हता." सोहमने लॅपटॉप बंद केला. परतीच्या वाटेवर पावसला चहाला थांबलो, तिथे म्हणाला, "आते, आये हे चित्र पुरं होऊच देणार नाय. पुरं झालं तर मग चित्रच ऱ्हातं. बापूस ऱ्हात नाय."

त्याने ते तसंच, त्याला पटलं तसं, वेबसाइटवर कायमचं टाकलं. कुणीही वापरा, कशासाठीही वापरा, कुठलीही अट नाही, अशा चौकोनात खूण केली. मला दाखवूनच केली. मतं आली, छान, मस्त, अंगठे. त्याने त्यातलं एकही उघडून वाचलं नाही.

मग एका रविवारी दुपारी आम्ही पूर्णगडला जेवून बसलो होतो आणि सोहम आतून उड्या मारत आला. कुणीतरी संदेश पाठवला होता, तुमचा कोळी आमच्या गेममध्ये घेतला आहे, आभार. गेम मोबाइलवर उतरवता येत होता. किती महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर उजेड दिसला! त्याने तो उतरवला आणि स्वतः बघायचीही वाट न पाहता आईच्या शेजारी जाऊन बसला. "आये, बघ, बापूस जगात गेला. परदेशातली पोरं खेळतात त्याला घेऊन."

पडद्यावर समुद्र आला. सोहमच्याच होड्या, आणि प्रत्येक होडीत दादा उभा. उजवा खांदा खाली, कानावर गाठ. वहिनी जवळ सरकली. पाण्याखाली कसलंसं अजस्र जनावर फिरत होतं. आम्हाला वाटलं, आता दादा पाग टाकून त्याला धरणार. सोहमने बोट लावलं. हललं ते जनावर. खेळणारा म्हणजे तेच होतं. ते वर आलं, होडी उलटली, दादाने दोन्ही हात वर केले आणि बुडबुडे सोडत खाली गेला. वर पिवळे आकडे उडाले, टिंगटिंग वाजलं. दुसरी होडी पुढे आली, तिच्यातही दादा.

सोहमला मोबाइल बंदसुद्धा करता येईना. मीच तो ओढून घेतला आणि त्या गेमवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. म्हटलं, केस करू, सोडायचं नाही. सोहम खाली मान घालून म्हणाला, "कसली केस, आते? मीच दिलं. कशासाठीही वापरा म्हणून मीच सांगितलं."

वहिनी ओरडली नाही, रडली नाही. माझ्यापुढे हात केला. "दे इकडं. परत दाखव."

"वयनी, नको."

"दाखव म्हणतंय ना."

तिने पुन्हा बघितलं. पुन्हा होडी उलटली, पुन्हा हात वर गेले. बाजारात मासळीचे कल्ले उघडून बघायची तशी ती पडदा डोळ्यांजवळ धरून बघत होती. मग म्हणाली, "चूक हाय. ते असे हात वर करून जायचे नायत. पाण्यात हात वर केला की माणूस खाली जातो, हे त्यांनीच वाडीतल्या पोरांना शिकवलंनी."

सोहम कळवळून म्हणाला, "आये, कसे गेले ते आपल्याला काय म्हायत?"

वहिनी थांबली. त्या अर्थाने 'गेले' हा शब्द सोहमच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. मला वाटलं, आता ही लेकाच्या अंगावर धावून जाणार. ती म्हणाली, "आपल्याला नाय म्हायत. समर्थला म्हायत. त्याला बोलाव."

समर्थ समोरच्याच घरातला. तो त्या घटनेनंतर होडीवर गेला नव्हता, आंब्याच्या बागेत राखण करायचा आणि वहिनी रस्त्यात दिसली की वाट बदलायचा. आम्हाला वाटायचं, शरमेने. आला तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. वहिनीने त्याला आत ओढून बसवलं आणि मोबाइल हातात दिला. होडी उलटली, दादा खाली गेला. समर्थच्या ओठांचा रंग उडाला.

"असेच गेले?" वहिनीने विचारलं.

"काकी, ह्यो खेळ हाय..."

"खेळ म्हायत हाय मला. चित्रात चूक काय ती सांग."

"बरा हाय, काकी. चांगला काढलाय सोहमने."

"बरा म्हणू नको!" इतक्या जोरात ती ओरडली की पडवीतलं मांजर पळालं. "बरा बरा म्हणून सगळ्यांनी माझं वाटोळं केलंनी. चूक सांग."

समर्थने होडी पुन्हा एकदा उलटू दिली. मग अगदी हळू म्हणाला, "हात वर नव्हते."

"मग?"

"एकच हात व्हता. माझ्याकडे केलेला. पायात जाळं गुतलं व्हतं, वर येता येत नव्हतं त्यांना. मी हात धरला व्हता."

"कुठल्या पायात?"

"डाव्या."

"पवत नव्हते?"

"नाय, काकी. पवत नव्हतेच." तो आता रडत होता. "दारात बोलायचं नसतं, म्हणून तसं बोललो. पुढचं कसं तोंडातून गेलं कळलं नाय. मग तुमी रोज गावखडीला जायला लागलात. रोज वाटायचं, सांगू. रोज कसं सांगू?"

"हात कुणी सोडलान?"

त्याने मोबाइल खाली ठेवला.

"समर्थ. त्यांनी सोडवून घेतलानी, का तू सोडलास?"

"मी," समर्थ म्हणाला. "माझा श्वास संपला, काकी. मी सोडला."

मी उठले. त्या पोराच्या कानाखाली जाळ काढायला उठले होते. माझा थोरला भाऊ, मला कडेवर घेऊन हिंडवणारा, त्याचा हात यानं सोडला आणि वर आम्हाला वर्षभर पाण्याकडे बघत बसवलं. वहिनीने माझं मनगट धरलं आणि खाली बसवलं. "बस गो योगे. खरं सांगतोय तो. सांगू दे."

मग तिने सोहमला लॅपटॉप आणायला लावला. तो म्हणाला, मी नाही काढणार, आये, काहीही सांग पण हे नको. ती म्हणाली, "काढ. एवढं एकच." आणि दिवेलागणीपर्यंत आमच्या पडवीत ते चित्र तयार होत गेलं. वहिनी विचारायची, समर्थ सांगायचा, सोहम काढायचा. होडी कुठे होती, डाव्या हाताला. जाळं गुडघ्यापर्यंत. बोटं मिटलेली की उघडी? उघडी. तोंड वर होतं? नाही, माझ्याकडे. पंचा? तो सुटून गेला होता. सोहमने तो पुसला. केस पाण्यात मोकळे झाले. मध्येच सोहमने काढायचं थांबवलं, तेव्हा वहिनीने स्वतःचा हात त्याच्या मनगटावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मी भिंतीला टेकून बघत होते. मला उठून जायचं होतं आणि जाता येत नव्हतं.

शेवटी समर्थ म्हणाला, "असंच."

वहिनी पडद्याकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली. "हां. ह्ये ते."

मोठा श्वास घेऊन ती माझ्याकडे वळली. "भटजींना सांगून ठेव," म्हणाली, आणि त्यानंतर तिने जो टाहो फोडला तो मी जिवंत असेपर्यंत विसरणार नाही. बायकांना बोलवावं लागलं नाही. साऱ्या वाडीला कळलं.

दर्भाच्या पुतळ्याला अग्नी दिला, दिवस झाले. तिरडीला खांदा द्यायला वहिनीने समर्थला नाव घेऊन बोलावलं, सगळ्यांच्या देखत. तो आला, खांदा दिला. त्यानंतर ती त्याच्याशी कधी बोलली नाही, आणि त्यानेही तशी अपेक्षा ठेवली नाही. मी तर अजून त्याच्या घरावरून जाताना तोंड फिरवते. माझ्याने माफ होत नाही, आणि होतंय असं दाखवणारही नाही. तो गेम अजून आहे. कुठेतरी कुणीतरी खेळत असेल.

तेराव्यानंतर सोहम रत्नागिरीला निघाला. लॅपटॉप पिशवीत घालताना त्याने आईला विचारलं, "आये, ते चित्र पुसून टाकू?"

वहिनी पाटी धूत होती. हात थांबवून तिने त्याच्याकडे बघितलं.

"नको. ऱ्हाऊ दे. पण कुणाला फुकट देऊ नको," ती म्हणाली. "पयले ते जगाला दिलेस तू. ह्ये माझे हायत."